प्रा. मनमोहन शर्मा : माटुंग्यात बसून जगाला रसायन अभियांत्रिकी शिकवणारा शिक्षक

लोटेकर

नमस्कार मंडळी,

डॉ. रघुनाथ माशेलकरांचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. पण त्यांनी ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली, त्या प्रा. मनमोहन शर्मांबद्दल विचारलं तर रसायन उद्योगाबाहेरचे फार थोडे लोक चार वाक्यं सांगू शकतील. मराठीत तर त्यांच्यावर तुरळकच लिहिलेलं सापडतं. ही उणीव मला बरेच दिवस खटकत होती, म्हणून हा धागा काढतोय.

आधीच सांगतो, मी त्यांचा विद्यार्थी नाही. शिकलो दुसऱ्या कॉलेजात आणि पुढची सगळी नोकरी कोकणातल्या एका कारखान्यात, प्रोसेस विभागात झाली. पण आमच्याकडे स्क्रबर (वायू द्रवानं धुऊन साफ करणारी यंत्रं) आणि शोषण मनोऱ्यांची गणितं ज्या रीतीनं मांडली जायची, ती रीत त्यांच्या आणि त्यांच्या गुरूंच्या कामातून आलेली होती. त्या अर्थानं मीही त्यांच्याकडून शिकलोच.

जन्म १ मे १९३७, जोधपूर. (पुढे हाच दिवस महाराष्ट्र दिन झाला आणि हे गृहस्थही आयुष्यभरासाठी मुंबईचे झाले, हे मला फार आवडतं.) शालेय शिक्षण जोधपूरलाच. मग मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटीत प्रवेश. १९५८ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी, १९६० साली पदव्युत्तर पदवी. तिथून केंब्रिज. १९६४ साली पीएचडी हातात घेऊन ते परत आले आणि यूडीसीटीत प्राध्यापक झाले. वय वर्षं २७. रीडर नाही, लेक्चरर नाही, थेट प्राध्यापक!

त्या काळात केंब्रिजची पीएचडी असलेल्या माणसाला परदेशात नोकरी मिळणं अवघड नव्हतं. इथे मात्र परकीय चलनाची चणचण होती. बाहेरून एखादं उपकरण मागवायचं तर परवाने आणि वाट पाहणं. अशा ठिकाणी परतायचं आणि जागतिक दर्जाचं संशोधन करायचं, तर काय संशोधन करायचं हेच आधी नीट ठरवावं लागतं. माझ्या मते शर्मा सरांचं मोठेपण इथे आहे. महागडी यंत्रं नसताना कुठले प्रश्न कठोर शास्त्रीय पद्धतीनं सोडवता येतात, हे त्यांनी अचूक हेरलं.

वायू आणि द्रव एकमेकांत मिसळत नाहीत, पण दोघांच्या सीमेवर अभिक्रिया होते, अशा प्रक्रियांवर त्यांचं सुरुवातीचं काम आहे. खतांच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा असतो, तेलशुद्धीकरण कारखान्यात गंधकाची संयुगं काढायची असतात, औषधांच्या कारखान्यात क्लोरिनेशन असतं, हायड्रोजनेशन असतं. या सगळ्यात एक प्रश्न समान आहे: वायू आणि द्रव यांचा संपर्क नेमका किती क्षेत्रफळावर होतो? बुडबुड्यांनी भरलेल्या टाकीत ते मोजणार कसं? कॅमेरा लावला तर काचेजवळचे बुडबुडे दिसतात, आतले दिसत नाहीत.

यावर रासायनिक पद्धत विकसित झाली, आणि तिच्यावर शर्मांचे केंब्रिजचे गुरू डॅन्कवर्ट्स आणि स्वतः शर्मा यांची छाप आहे. १९७० साली दोघांनी मिळून या पद्धतीवर निबंधही लिहिला. तिच्याबद्दल खाली कोणी विचारलं तर सविस्तर लिहीन, नाहीतर धागा इथेच जड होईल.

विद्यार्थ्यांची यादी पाहिली तर थक्क व्हायला होतं. माशेलकर (पीएचडी १९६९), पुढे यूडीसीटीचे संचालक झालेले प्रा. ज्येष्ठराज जोशी, आयसीटीचे (यूडीसीटीचंच आजचं नाव) पहिले कुलगुरू प्रा. गणपती यादव. सत्तरच्या घरात पीएचडी त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाल्या. १९८९ ते १९९७ ते संस्थेचे संचालक होते.

मानसन्मान चटकन सांगून टाकतो: १९७३ भटनागर पुरस्कार, १९८७ पद्मभूषण, १९९० रॉयल सोसायटीचे फेलो, १९९६ रॉयल सोसायटीचं लेव्हरह्यूम पदक, २००१ पद्मविभूषण.

यूडीसीटीयन मंडळी इथे नक्की असतील. त्यांनी भर घालावी.

—

जास्वंद

लोटेकर काका, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी रसायनशास्त्र शिकवते (अभियांत्रिकी नाही), त्यामुळे ते क्षेत्रफळ मोजण्याचं प्रकरण अर्धवट सोडू नका. कॅमेऱ्यानं मोजता येत नाही ते रसायनानं कसं मोजतात?

—

लोटेकर

जास्वंदताई, तुम्ही रसायनशास्त्राच्या म्हणजे काम सोपं झालं.

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषला जातोय असं धरा. वायू पृष्ठभागातून आत शिरतो आणि हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया करतो. ही अभिक्रिया मंद असेल तर वायू द्रवाच्या पोटात खोलवर पोचतो आणि मग सावकाश संपतो. पण ती पुरेशी वेगवान असेल तर वायू पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरातच संपून जातो. अशा वेळी दर चौरस सेंटिमीटरमागे किती वायू शोषला जाणार, हे फक्त तीन गोष्टींवर ठरतं: वायूची विद्राव्यता, त्याची विसरणक्षमता आणि अभिक्रियेचा वेग. द्रव किती ढवळला जातोय याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. सगळी गंमत या वाक्यात आहे.

आता प्रयोगशाळेत एक छोटं काचपात्र घ्यायचं. वर वायू, खाली द्रव, मध्ये सपाट पृष्ठभाग. त्याचं क्षेत्रफळ पट्टीनं मोजता येतं. दोन्ही बाजू हळू ढवळायच्या, पृष्ठभाग फुटू द्यायचा नाही. याला स्टर्ड सेल म्हणतात. ठराविक वेळेनं नमुना काढायचा, ब्युरेटनं टायट्रेशन करायचं, आणि दर चौरस सेंटिमीटरमागे शोषणाचा वेग काढायचा.

मग तेच द्रावण आणि तोच वायू खऱ्या मनोऱ्यात घालायचा. तिथे एकूण किती वायू शोषला गेला, ते पुन्हा टायट्रेशननं. एकूण शोषण भागिले दर चौरस सेंटिमीटरचं शोषण, की आलं क्षेत्रफळ! बुडबुडे मोजायला नकोत, छायाचित्रं नकोत.

अभिक्रियेचा वेग बदलला की त्याच मनोऱ्यातून दुसरी माहितीही काढता येते. मंद अभिक्रिया निवडली तर द्रवाच्या बाजूचा वस्तुमान-स्थानांतरण गुणांक, म्हणजे वायू पृष्ठभागातून द्रवात किती वेगानं जातो याचा आकडा, मिळतो. म्हणजे कुठल्या रसायनांची जोडी घ्यायची हे नीट ठरवलं की एकाच यंत्राबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा अनेक जोड्या पारखल्या आणि बबल कॉलम (द्रवातून बुडबुडे सोडलेला मनोरा), पॅक्ड कॉलम (आत पॅकिंगचे तुकडे भरलेला मनोरा, त्यांवरून द्रव ओघळतो), प्लेट कॉलम, ढवळणीच्या टाक्या अशी एकामागून एक उपकरणं मोजून काढली. माशेलकरांचं सुरुवातीचं काम यातलंच: बबल कॉलम आणि पॅकिंग भरलेले बबल कॉलम.

यासाठी लागलं काय? काच, ब्युरेट, चांगलं रसायनशास्त्र आणि शिस्त. माटुंग्यात हे सगळं होतं.

—

वाचनवेडा

सुंदर धागा. एका गोष्टीची भर घालतो.

शर्मा सरांबद्दल लिहिताना बरेच जण 'रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय अभियंता' असं लिहितात. लोटेकरांनी तसं लिहिलं नाही हे बरं झालं. तो मान मुंबईच्याच अर्देशीर करसेटजी वाडियांकडे जातो, १८४१ साली. ते जहाजबांधणी आणि वाफेच्या इंजिनांतले अभियंते होते आणि रॉयल सोसायटीचे पहिलेच भारतीय फेलो. त्यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते.

यानं शर्मा सरांचा मान तसूभरही कमी होत नाही. मधे जवळपास दीडशे वर्षं गेली. रामानुजन, बोस, रामन, साहा असे गणित आणि विज्ञानातले लोक निवडले गेले, पण अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला, तेही भारतातल्या प्रयोगशाळेत केलेल्या कामासाठी, हा मान मिळणं ही वेगळीच गोष्ट होती. पुढे १९९८ साली त्यांचे विद्यार्थी माशेलकरही फेलो झाले. गुरू आणि शिष्य दोघेही, आणि दोघेही यूडीसीटीचे.

—

अश्वत्थ_७१

मी त्या कॅम्पसमध्ये शिकलो आहे. सरांच्या वैयक्तिक आठवणी जाहीर मंचावर लिहिणं मला प्रशस्त वाटत नाही, पण संस्थेबद्दल थोडं लिहितो, कारण संस्था समजल्याशिवाय माणूस समजणार नाही.

यूडीसीटीची स्थापना १ ऑक्टोबर १९३३ची. सुरुवातीला दोनच अभ्यासक्रम होते, टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनीअरिंग. मुंबईच्या कापडगिरण्यांना रंग, ब्लीचिंग, प्रक्रिया यांची जाण असलेली माणसं हवी होती, ही त्यामागची गरज. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर, रंगद्रव्यांचे तज्ज्ञ. १९३८ पासून प्रा. के. वेंकटरामन, पहिले भारतीय प्रमुख. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रातलं जगभर मान्यता असलेलं नाव. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना रसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही शिकतात. १९४३ साली संस्था माटुंग्याच्या आत्ताच्या जागेत आली. १९५७ साली वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

हे सांगायचं कारण असं की शर्मा सरांना उद्योगाशी बोलणारी संस्था आयती मिळाली होती. तिथे रंगवाले, तेलवाले, औषधवाले, प्लॅस्टिकवाले एकाच आवारात बसतात. केमिकल इंजिनीअरिंगचा विद्यार्थी जेवायला बसतो तेव्हा शेजारचा पेंट शिकत असतो, समोरचा फार्मसी. दुसऱ्या अभियांत्रिकी कॉलेजांत शेजारी सिव्हिल आणि मेकॅनिकल असतात. या फरकामुळे यूडीसीटीचा अभियंता रसायनशास्त्राला घाबरत नाही. शर्मा सरांचं सगळं काम पाहा, त्यात रसायनशास्त्र पहिल्या पानापासून असतं.

—

निळाई

वाचतेय. लोटेकर, त्यांच्या केंब्रिजच्या गुरूंबद्दलही लिहा ना. डॅन्कवर्ट्स हे नाव पुस्तकात प्रत्येक प्रकरणात यायचं, माणूस कोण होता ते कधी कळलंच नाही.

—

लोटेकर

निळाई, या माणसावर वेगळा धागा निघेल.

पीटर डॅन्कवर्ट्स. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात बॉम्ब निकामी करण्याच्या कामावर होते. १९४०च्या सप्टेंबरात जर्मनांनी लंडनवर पॅराशूटनं सुरुंग टाकायला सुरुवात केली, तेव्हा या तरुण अधिकाऱ्यानं जवळजवळ ४८ तास विश्रांती न घेता १६ सुरुंग हाताळले. त्यासाठी जॉर्ज क्रॉस मिळाला. युद्धानंतर अमेरिकेत एमआयटीत जाऊन केमिकल इंजिनीअरिंग शिकले आणि १९५९ पासून केंब्रिजला प्राध्यापक.

त्यांचे दोन निबंध या विषयाचे पाये आहेत. १९५१ सालच्या निबंधात त्यांनी पृष्ठभाग-नूतनीकरणाची कल्पना मांडली. तोवर सगळे असं धरून चालत की द्रवाच्या पृष्ठभागाशी एक स्थिर थर असतो आणि वायूला त्यातून पार व्हावं लागतं. गणिताला सोयीचं, पण खळबळणाऱ्या द्रवात असा स्थिर थर राहणार कसा? डॅन्कवर्ट्स म्हणाले, पृष्ठभागावरचा द्रव सतत बदलत असतो. आतून नवा द्रव वर येतो, जुना आत जातो, आणि प्रत्येक कण पृष्ठभागावर किती वेळ टिकेल हे संभाव्यतेनं ठरतं. १९५३ सालच्या निबंधात त्यांनी सतत चालणाऱ्या यंत्रात द्रवाचा प्रत्येक भाग किती वेळ राहतो याचं गणित दिलं. आज जगातला प्रत्येक केमिकल इंजिनीअर ते शिकतो.

शर्मांनी या माणसाकडे अमाइन (नायट्रोजन असलेली, अल्कधर्मी सेंद्रिय संयुगं) आणि अल्कलींच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड आणि कार्बोनिल सल्फाइड कसे शोषले जातात यावर काम केलं. १९६५चा त्यांचा निबंध एकट्याच्या नावावर आहे: कोणत्या अमाइनचा कार्बोनिल सल्फाइडशी आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रियेचा वेग किती, आणि तो अमाइनच्या अल्कधर्मीपणावर कसा अवलंबून आहे. १९६६ साली गुरुशिष्यांनी मिळून याच विषयाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला.

हे काम त्या वेळी खत आणि तेल उद्योगासाठी होतं. आज वीजकेंद्रांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडण्याची चर्चा जगभर चालू आहे, आणि त्यात अमाइनच वापरतात. ६० वर्षांपूर्वीचे ते आकडे आजच्या निबंधांत उद्धृत होतात. चांगलं मोजलेला वेगांक म्हातारा होत नाही!

—

गोदाकाठ

लेख आणि प्रतिसाद दोन्ही माहितीपूर्ण. पण एक प्रश्न कोणीतरी विचारायला हवा, म्हणून विचारतो.

उद्योगाशी इतकं जवळचं नातं असलेल्या शिक्षणानं महाराष्ट्र-गुजरातच्या पट्ट्यात शेकडो छोटे रसायन कारखाने उभे राहायला मदत केली, हे खरं. पण याच पट्ट्यांतल्या नद्या आणि खाड्यांचं काय झालं तेही आपण पाहतोय. माझं गाव एका रसायन वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे. विहिरीचं पाणी आम्ही प्यायचं सोडलं. रेणू कसा बनवायचा हे शिकवणाऱ्यांनी सांडपाणी कुठे जाणार हे किती शिकवलं? हे टीका म्हणून नाही, मनापासून विचारतो आहे.

—

लोटेकर

गोदाकाठ, प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. विहिरीबद्दल वाचून वाईट वाटलं.

माझं मत सांगतो. सांडपाण्याचा मोठा भाग प्रक्रियेच्या रचनेतच जन्माला येतो. जुन्या पद्धतीत आम्ल उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक आम्ल घालायचे. काम झालं की ते अल्कलीनं उदासीन करायचं. म्हणजे वापरलेल्या आम्लाइतकं मीठ असलेलं घाण पाणी तयार होणारच, कितीही चांगला शुद्धीकरण प्रकल्प लावा. शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जागी आयन-एक्स्चेंज रेझिनचे (आम्लाचं काम करणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे) मणी उत्प्रेरक म्हणून वापरण्यावर पुष्कळ काम केलं. मणी घन असतात. अभिक्रिया झाली की गाळून बाजूला काढायचे, पुन्हा वापरायचे. उदासीन करायला काही उरतच नाही. १९९३ साली त्यांच्या गटानं या रेझिन उत्प्रेरकांचा मोठा आढावा लिहिला.

वेगळं करण्याच्या पद्धतींतही तेच. मेटा-क्रेसॉल आणि पॅरा-क्रेसॉल यांचे उत्कलनबिंदू दोन्हींचे २०२ अंशांच्या आसपास, फरक जेमतेम एक अंशाचा. ऊर्ध्वपातनानं वेगळे करणं जवळजवळ अशक्य. पण दोघांच्या आम्लधर्मीपणात किंचित फरक आहे. मिश्रणाला पुरेल त्याहून कमी अल्कली द्या, म्हणजे मर्यादित अल्कलीसाठी दोघांत स्पर्धा लागते आणि जास्त आम्लधर्मी असलेला मेटा पाण्याच्या थरात जास्त प्रमाणात जातो. याला डिसोसिएशन एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. या विषयावर आणि हायड्रोट्रोप (पाण्यात न विरघळणारे पदार्थ विरघळवायला मदत करणारी संयुगं) वापरून पदार्थ वेगळे करण्यावर माटुंग्यातून बरंच काम झालं.

म्हणजे शिकवलं नाही असं नाही. पण शिकवलेलं कारखान्यात उतरलं का, हा वेगळा प्रश्न आहे. मी ज्या प्रकारच्या कारखान्यांत वावरलो तिथे आम्ल स्वस्त आणि रेझिन महाग होतं, आणि खाडीत सोडलेल्या पाण्याची किंमत कोणी हिशेबात धरत नव्हतं. ती किंमत तुमच्या गावानं मोजली. याचा दोष शिक्षकाच्या खात्यावर घालता येणार नाही, पण आमच्या पेशाच्या खात्यावर तो आहे.

—

गोदाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. रेझिनचा मुद्दा मला माहीत नव्हता. शेवटच्या वाक्याशी सहमत.

—

अश्वत्थ_७१

गोदाकाठ यांच्या प्रश्नाला माझीही पुरवणी. संचालकपदाच्या काळात आणि त्यानंतरही सरांची भूमिका अशी दिसते की परदेशी तंत्रज्ञान विकत घेऊन कारखाना उभारणं हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे. इथल्या माणसांनी प्रक्रिया स्वतः मुळापासून समजून घ्यावी. स्वतः समजून घेतलेली प्रक्रिया सुधारता येते. विकत घेतलेली प्रक्रिया करारातल्या अटींप्रमाणे चालवावी लागते. प्रदूषणाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, कारण कमी कचरा करणारा बदल करायचा तर आधी आत काय चाललंय ते कळायला हवं.

—

सह्यकडा

अवांतर होईल कदाचित, पण वर 'पहिले' कोण हा विषय निघालाच आहे, तर भारतातल्या केमिकल इंजिनीअरिंगबद्दल लिहिताना प्रा. हिरालाल रॉय यांचं नाव घ्यायलाच हवं. जादवपूरला १९२१ साली त्यांनी केमिकल इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम सुरू केला, राष्ट्रीय शिक्षण चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत. सरकारी मान्यता आणि सरकारी नोकरी यांचा भरवसा नसताना तिथे मुलं शिकायला आली. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनीअर्स १९४७ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही रॉयच.

जगात पाहिलं तर जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरला १८८७च्या सुमारास व्याख्यानं दिली, एमआयटीचा पहिला अभ्यासक्रम १८८८चा. म्हणजे आपण तसे फार मागे नव्हतो. पाश्चात्त्य देशांतही हा विषय नवा असताना कलकत्त्यात तो शिकवायला सुरुवात झाली होती.

—

वाचनवेडा

अवांतर अजिबात नाही. रॉयनी दार उघडलं. शर्मांची पिढी आली तेव्हा विषय इथे रुजला होता, पण त्यात भारतातून मूळ संशोधन फारसं होत नव्हतं. पुस्तकं अमेरिकेची, आकडे अमेरिकेचे. शर्मांच्या काळात प्रवाह उलटा वाहिला. १९८४ साली दोराईस्वामी आणि शर्मा यांचा विषमावस्थी (वायू-द्रव, द्रव-घन अशा वेगवेगळ्या अवस्थांतल्या पदार्थांमधल्या) अभिक्रियांवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि तो परदेशी विद्यापीठांत वापरला गेला. दोराईस्वामी तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. म्हणजे पुणे आणि माटुंगा मिळून ग्रंथ लिहितात आणि जग तो वाचतं.

—

निळाई

माशेलकर, जोशी, यादव ही परंपरा वाचून एक मुद्दा सुचला. आपल्याकडे मोठा माणूस गेला की त्याचा विषय संस्थेतून संपतो, असं बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. इथे तसं झालं नाही. जोशी सरांनी बबल कॉलमच्या आत द्रव कसा फिरतो याचं प्रारूप शर्मांसोबत १९७९ साली मांडलं आणि पुढे द्रवगतिकीत स्वतःचं वेगळं घराणंच उभं केलं. यादव सर घन उत्प्रेरकांकडे गेले. माशेलकर तर पॉलिमरकडे वळले. एकाच गुरूचे शिष्य, पण तिघांचे रस्ते तीन. मला हे शिष्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं. स्वतःसारखी सत्तर माणसं तयार करणं तुलनेनं सोपं असतं.

मी स्वतः पीएचडी करताना उलटा अनुभव घेतला आहे. विषय मार्गदर्शकांचा, निष्कर्षही त्यांना हवे ते. त्यामुळे हे जास्त जाणवलं असेल.

—

अश्वत्थ_७१

निळाई, अगदी नेमकं.

त्यात एक भर. संशोधन करणाऱ्यांबरोबर उद्योगात गेलेले विद्यार्थीही मोजायला हवेत. मुकेश अंबानी यूडीसीटीचे केमिकल इंजिनीअर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी आयसीटीला १५१ कोटी रुपये दिले, शर्मा सरांना गुरुदक्षिणा म्हणून, आणि कुठलीही अट न घालता. आकड्याच्या बातम्या झाल्या. मला त्यातलं 'अट न घालता' जास्त मोलाचं वाटलं. संशोधन संस्थेला प्रकल्पासाठी पैसे मिळतात, पण गळकं छप्पर, ग्रंथालय, प्रयोगशाळेतल्या सहाय्यकाचा पगार यांना कोणी देत नाही. मोकळा पैसा तिथे लागतो.

संस्थेचं नावही या काळात बदलत गेलं, नव्या मंडळींसाठी सांगतो: २००२ साली यूडीसीटीची यूआयसीटी झाली, २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून आयसीटी. २०१८ पासून जालना आणि भुवनेश्वरलाही तिची आवारं आहेत. जालन्याचं महत्त्व मराठवाड्यातल्या मुलांना विचारा.

—

तिसरंवर्ष

मी जालना आवारात शिकतोय! धागा वाचून खूप भारी वाटलं. सरांचं नाव रोज ऐकतो पण हे सगळं एकत्र माहीत नव्हतं.

लोटेकर काका आणि बाकी सीनिअर मंडळी, एक विचारू का? आम्हाला वस्तुमान स्थानांतरण आणि अभिक्रिया अभियांत्रिकी वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळे शिक्षक शिकवतात. वायू-द्रव अभिक्रिया दोन्हींच्या मध्ये कुठेतरी शेवटच्या आठवड्यात येते आणि उरकली जाते. स्वतः शिकायची तर सुरुवात कुठून करू? मुलाखतीतही यावर प्रश्न येतात असं ऐकलंय.

—

जास्वंद

अरे वा, जालन्याहून! अभिनंदन रे बाळा. उत्तर देणारी मंडळी देतीलच, मी एवढंच सांगेन की रसायनशास्त्राचा भाग कच्चा ठेवू नकोस. वर काकांनी जे सांगितलं त्यात निम्मं काम योग्य अभिक्रिया निवडण्याचं आहे.

—

लोटेकर

तिसरंवर्ष, छान प्रश्न विचारलास. मी कारखान्यात नव्या मुलांना ज्या क्रमानं शिकवायचो तो क्रम सांगतो.

सुरुवातीला एकच आकडा समजून घे, जपानी शास्त्रज्ञ हट्टा यांच्या नावाचा. सूत्र पाठ करू नकोस, त्याचा अर्थ पाहा. पृष्ठभागालगतच्या थरात अभिक्रिया किती होऊ शकते आणि त्या थरातून वायू नुसता पार किती जाऊ शकतो, यांची ती तुलना आहे. आकडा एकापेक्षा खूप लहान असेल तर अभिक्रिया थरात होतच नाही, द्रवाच्या पोटात होते. तीनच्या वर गेला आणि द्रवातला घटक भरपूर असेल, तर सगळा खेळ थरातच संपतो.

मग स्वतःला विचार: कारखान्यात मला काय वाढवायला हवं? अभिक्रिया पोटात होत असेल तर द्रवाचं आकारमान हवं, म्हणून बबल कॉलम किंवा टाकी. थरात संपत असेल तर द्रव जास्त भरून उपयोग नाही, क्षेत्रफळ हवं, म्हणून पॅक्ड कॉलम किंवा फवारा. आमच्याकडे एकदा क्लोरीनच्या स्क्रबरमध्ये कॉस्टिकची टाकी मोठी केली होती, वायू निसटायचा तो निसटतच राहिला. पॅकिंग नीट ओलं होत नव्हतं. वरचा डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर थांबला. पॅकिंग विकणारा दर घनमीटरमागे जे क्षेत्रफळ छापतो आणि प्रत्यक्षात जेवढं ओलं होतं, यात बराच फरक असतो, आणि तो फरक मोजायची पद्धत वर लिहिलीच आहे.

तिसरी गोष्ट, हातानं गणित कर. कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक ही जोडी घे. वेगांक, विद्राव्यता, विसरणक्षमता पुस्तकात मिळतील. कॉस्टिकची संहती ०.१ पासून २ मोलरपर्यंत बदल, प्रत्येक वेळी हट्टा अंक काढ, आणि कुठे कुठल्या प्रकारात जातोस ते कागदावर मांड. वायूचा दाब वाढवला तर पृष्ठभागाजवळचं हायड्रॉक्साइड संपायला लागतं, तिथे गणित पुन्हा बदलतं. ते कुठे बदलतं ते शोध. एक पूर्ण दुपार जाईल. सॉफ्टवेअर नंतर.

स्टर्ड सेल तुमच्या प्रयोगशाळेत असेल तर शिक्षकांना विचारून एकदा चालवून बघ. दोन वेगवेगळ्या ढवळण्याच्या गतींना शोषणाचा वेग सारखा आला, तर कागदावर काढलेलं खरं होतं हे तुझं तुलाच कळेल. आकडे आले की इथेच टाक, आपण मिळून पाहू.

—

तिसरंवर्ष

नक्की काका. सेल आहे, गॅस सिलिंडरची परवानगी काढावी लागेल. सोमवारी मॅडमना भेटतो. संहती पाच घेऊ की जास्त?

—

लोटेकर

सुरुवातीला पाच पुरेत. प्रत्येक संहतीला टायट्रेशन दोनदा कर, आणि बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट आधी खाली बसव, नाहीतर हायड्रॉक्साइडचा अंतिम बिंदू धूसर येईल.